आधी पुसा, मग धूसर करा: तीन चित्रं आणि कुलूपबंद संगणक

मुलांची एक कार्यशाळा संपली आणि तिची माहिती त्याच दिवशी संकेतस्थळावर टाकायची होती. हाताशी संगणक होता तो कार्यालयाचा. त्यावर काहीही इन्स्टॉल करायची परवानगी नव्हती, फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर नव्हतं, होता फक्त ब्राउझर. चित्रं तीन. पहिलं, मोबाईलवर काढलेला गटाचा फोटो, ४००० × ३००० पिक्सेल, चौदा मुलं. त्यांपैकी दोघांच्या पालकांनी चेहरा दाखवायला लेखी नकार दिलेला. दुसरं, पुढच्या वेळी नोंदणी कशी करायची हे समजावणारा स्क्रीनशॉट. तो एका खऱ्या नोंदणीचा होता, त्यामुळे त्यात नाव, मोबाईल नंबर, ईमेल आणि प्रवेशाचा क्यूआर कोड, सगळंच दिसत होतं. तिसरं, पानाच्या माथ्यावरची रुंद पट्टी. तिच्यावर अक्षरं टाकायची असल्यानं मागचा फोटो मऊ, धूसर हवा होता.

तिन्हींसाठी एकच सूचना दिली गेली होती: ‘ब्लर करून टाका.’ सगळा घोटाळा इथूनच सुरू झाला. पट्टीचा फोटो ब्लर करणं हे सजावटीचं काम आहे. चेहरा किंवा नंबर ब्लर करणं हे लपवण्याचं काम आहे. दोन्हींना एकच स्लायडर लावला की पहिलं काम नीट होतं आणि दुसरं फक्त झाल्यासारखं वाटतं.

पहिल्या फेरीत काय झालं

सर्चमध्ये वर आलेलं एक मोफत संकेतस्थळ उघडलं, फोटो ओढून टाकला, दोन चेहऱ्यांवर गोल ओढले, स्लायडर ८ वर नेला, डाउनलोड केलं. स्क्रीनशॉटला हेच, फक्त स्लायडर ४ वर. दहा मिनिटांत काम संपलं. पान चढलंही. तासाभरानं दुसऱ्या एका स्वयंसेवकानं मोबाईलवर पानांची यादी पाहिली, तर तिच्यातल्या छोट्या चित्रात दोन्ही मुलं स्वच्छ ओळखू येत होती.

यात जादू काही नाही, साधं गणित आहे. मूळ फोटोत प्रत्येक चेहरा सुमारे ३०० पिक्सेल रुंद होता. त्यावर ८ पिक्सेलचा ब्लर म्हणजे चेहऱ्याच्या रुंदीचा साधारण सदतिसावा भाग. चेहऱ्यावर झूम करून काम चाललं होतं, म्हणून तेवढाही भरपूर वाटला. संकेतस्थळानं यादीसाठी त्याच फोटोची ३०० पिक्सेल रुंदीची प्रत बनवली. म्हणजे सगळं ०.०७५ पटीनं लहान झालं: चेहरा २२ पिक्सेलचा आणि ब्लर ०.६ पिक्सेलचा. एका पिक्सेलपेक्षा कमी ब्लर म्हणजे ब्लर नाहीच. चित्र लहान केलं की धूसरपणा आटतो आणि चेहरा परत जुळून येतो. १९७३ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेच्या हार्मन आणि जुलेझ यांनी अब्राहम लिंकन यांचा चेहरा मोजक्या राखाडी ठोकळ्यांत मांडून हेच दाखवलं होतं. जवळून नुसते चौकोन, पण लांब जाऊन किंवा डोळे किलकिले करून पाहिलं की लिंकन. म्हणून झूम करून ब्लर तपासणं ही उलटी तपासणी आहे. तपासायचं ते चित्र लहान करून.

फाईल गेली कुठे

दुसरी चूक पडद्यावर दिसली नाही. त्या संकेतस्थळानं फोटो आधी आपल्या सर्व्हरवर नेला, तिथे ब्लर केला आणि परत पाठवला. म्हणजे ज्या दोन मुलांचे चेहरे लपवायचे होते, त्यांचा न लपवलेला मूळ फोटो सगळ्यात आधी अनोळखी संगणकावर पोचला. ‘फाईल तासाभरात हटवली जाते’ असं पानाच्या तळाशी लिहिलेलं असतं. असेलही, पण ते पडताळायला तुमच्या हातात काही नाही.

ब्राउझरमध्ये चालणारी साधनं दोन जातींची असतात. एक जात चित्र वर पाठवते. दुसरी जात प्रोग्रॅम तुमच्या ब्राउझरमध्ये उतरवते आणि चित्र जागेवरच बदलते, फाईल संगणकाबाहेर जात नाही. फोटोपीया हे दुसऱ्या जातीचं परिचित उदाहरण. खातं लागत नाही, जाहिरातींवर चालतं आणि मेनू फोटोशॉपसारखे आहेत.

कुठलं साधन कुठल्या जातीचं हे ओळखायचा सोपा उपाय आहे. खाजगी विंडो उघडा, साधनाचं पान पूर्ण लोड होऊ द्या आणि मग वायफाय बंद करा. आता चित्र आत घ्या आणि ब्लर करून पाहा. झालं, तर काम तुमच्याच संगणकावर चालतंय. चाक फिरत राहिलं किंवा एरर आली, तर ते बहुधा वर पाठवणारं आहे. त्या प्रयोगासाठी खरा फोटो वापरू नका, भिंतीचा फोटोसुद्धा चालतो. आणि चित्र खरंच नाजूक असेल तर सगळं काम वायफाय बंद ठेवूनच उरका, फाईल सेव्ह करा, विंडो बंद करा आणि मगच नेट चालू करा. नाहीतर नेट परत येताच पानानं काय पाठवलं ते कळणार नाही. वायफाय बंद करणं शक्य नसेल तर एफ१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा. चित्र निवडल्याबरोबर तुमच्या फाईलएवढ्या आकाराची पोस्ट विनंती (सर्व्हरकडे माहिती पाठवणारा संदेश) बाहेर पडली, तर उत्तर मिळालं.

जागेवर काम करणाऱ्या साधनांचा भार मात्र तुमच्याच मेमरीवर पडतो. ४००० × ३००० चित्राचा एक लेअर, म्हणजे एक थर, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे ४८ एमबी. जेपीजी फाईल ४ एमबीची असली तरी उघडल्यावर ती एवढी फुगते. तीन लेअर आणि वर अनडूचा इतिहास झाला की जुन्या संगणकावर टॅब मान टाकतो. शिवाय आयफोनचे फोटो बऱ्याचदा एचईआयसी फॉरमॅटमध्ये येतात आणि कित्येक ब्राउझर साधनं ते उघडत नाहीत. फाईल बिघडलेली नसते. पाठवणाऱ्याकडून जेपीजी मागवून घ्या, बदलून देणारं आणखी एक संकेतस्थळ शोधत बसू नका.

चेहरे, दुसऱ्या फेरीत

क्रम बदलला, तिथेच अर्धं काम झालं. आधी चित्र प्रसिद्ध करायच्या मापाला आणलं: इमेज मेनूतून इमेज साइझ, रुंदी १६०० पिक्सेल. आता चेहरा १२० पिक्सेलचा झाला आणि मेमरीचा प्रश्नही मिटला. चेहऱ्यासाठी ब्लरचा आकडा त्याच्या रुंदीच्या सहाव्या ते आठव्या भागाएवढा धरावा, म्हणजे इथे १५ ते २०. हा अंदाज आहे, नियम नाही. पण ‘८ पुरे’ असा डोळ्यांनी ठरवलेला आकडा नेहमी कमीच पडतो.

तरीही नुसता ब्लर वाढवून आम्ही तिथे थांबायला सांगणार नाही. गॉसियन ब्लरमध्ये प्रत्येक पिक्सेलच्या जागी आजूबाजूच्या पिक्सेलांची सरासरी येते. जवळच्यांचं वजन जास्त, लांबच्यांचं कमी. सरासरीत मूळ माहिती पातळ होते, नाहीशी होत नाही. २०१६ साली मॅकफर्सन, शोक्री आणि श्मातिकोव्ह या संशोधकांनी दाखवलं की धूसर किंवा ठोकळे केलेले चेहरे न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्रॅम, ओळखू शकतं. त्यासाठी चेहरा परत स्पष्ट करावा लागत नाही. ओळखीच्या काही जणांच्या फोटोंपैकी हा कोणाचा, एवढंच निवडायचं असतं. कार्यशाळेतल्या चौदा मुलांची यादी जवळ असलेल्या माणसाला तर न्यूरल नेटवर्कचीही गरज नाही.

याच्या उलट बाजूलाही खड्डा आहे. धूसर चेहरा ‘एआयनं स्पष्ट करा’ म्हणणारी साधनं जो चेहरा दाखवतात तो रचलेला असतो, मूळचा नव्हे. त्यातून भलतंच मूल ओळखलं गेलं तर तो त्रास वेगळाच.

म्हणून आधी पुसायचं, मग धूसर करायचं. फोटोपीयात हे असं केलं. ड्रॉपर घेऊन गालावरचा रंग उचलला. आयताकृती सिलेक्शनच्या चिन्हावर दाबून धरल्यावर लंबवर्तुळाचं सिलेक्शन मिळतं. ते कपाळापासून हनुवटीपर्यंत, दोन्ही कान धरून ओढलं. एडिट मेनूतल्या फिलनं तो सगळा भाग गालाच्या रंगानं भरला. आता तिथे डोळे नाहीत, नाक नाही, सपाट लंबगोल आहे. वरच्या एक तृतीयांश भागावर केसांच्या रंगाचा ब्रश ढोबळपणे फिरवला. मग सिलेक्शन सोडून थोडं मोठं सिलेक्शन केलं आणि फिल्टर – ब्लर – गॉसियन ब्लर, त्रिज्या १८. दिसायला हा नेहमीचा ब्लर केलेला चेहराच वाटतो, पण त्याच्या खाली काही उरलेलं नाही. कोणतंही साधन आणा, त्याच्या हाती गालाचा रंग लागेल.

कडांकडे नीट पाहावं लागतं. सिलेक्शनला फेदर दिलं की कड मऊ होते, पण मऊ म्हणजे तिथे अर्धा मूळ फोटो झिरपतो. फेदर ठेवायचंच तर ५ पिक्सेलच्या आत ठेवा आणि सिलेक्शन चेहऱ्यापेक्षा १५–२० टक्के मोठं घ्या. नाहीतर कान, केसांची रेघ, जबड्याचा आकार कडेला तसाच राहतो. चेहऱ्याला भोवऱ्यासारखा पिळून टाकणारा इफेक्ट तर अजिबात वापरू नका. त्यात पिक्सेल फक्त जागा बदलतात. २००७ साली जर्मन पोलिसांच्या तज्ज्ञांनी असाच पिळलेला एका संशयिताचा चेहरा उलटा पिळून सरळ केला आणि इंटरपोलनं तो जाहीर केला.

चेहरा झाल्यावर एकाच्या छातीवर नावाचा बिल्ला दिसला. दुसऱ्याच्या मागे खिडकीची काच होती आणि तिच्यात त्याच मुलाचं प्रतिबिंब, बाजूनं. दोन्ही ठिकाणी तीच कृती पुन्हा केली. असल्या गोष्टी शोधायच्या तर फोटो चार भागांत वाटून एकेक भाग १०० टक्के झूमवर पाहावा. पूर्ण फोटो एका नजरेत पाहताना डोळा चेहऱ्यांवरच अडकतो.

स्क्रीनशॉट: इथे ब्लर नकोच

फोटोतल्या चेहऱ्यापेक्षा स्क्रीनशॉटमधला नंबर उलगडणं सोपं. फोटोत प्रकाश, सावली, कॅमेऱ्याची खरखर असते. स्क्रीनशॉटमध्ये सगळं काटेकोर: फॉन्ट ठाऊक, अक्षराचा आकार ठाऊक, पार्श्वभूमी पांढरी. मग ब्लर उलटा फिरवायची गरजच पडत नाही. त्याच फॉन्टमध्ये अंक लिहायचे, तेवढाच ब्लर द्यायचा आणि कोणता डाग जुळतो ते पाहायचं.

पहिल्या फेरीतला ४ चा ब्लर घ्या. त्याचा प्रभाव साधारण तिप्पट अंतरापर्यंत, म्हणजे दोन्ही बाजूंना १२ पिक्सेल पोचतो. अंकाची रुंदी ९ पिक्सेलच्या आसपास. म्हणजे एका अंकाच्या डागात मुख्यतः तो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा एकेक शेजारी मिसळतो. तीन अंकांच्या सगळ्या जुळण्या १०००. हजार डाग बनवून ताडून पाहणं संगणकाला क्षणाचं काम आहे. मग एक घर पुढे सरकायचं. दहा अंकी नंबरासाठी हजार कोटी शक्यता तपासाव्या लागतील हा जो दिलासा वाटतो, तो खोटा आहे.

ठोकळे करणारा पिक्सलेट इफेक्ट याहून बरा नाही. प्रत्येक ठोकळा म्हणजे त्या चौकोनाची सरासरी, त्यामुळे ताडून पाहणं आणखी सरळ. २०२० च्या अखेरीस आलेला डेपिक्स आणि २०२२ साली आलेला अनरिडॅक्टर हे दोन प्रोग्रॅम ठोकळ्यांतून मजकूर वाचतात, आणि दोन्ही सगळ्यांना खुले आहेत.

दोनदा ब्लर केलं की दुप्पट होईल हाही गैरसमज. ब्लरच्या आकड्यांची नव्हे, त्यांच्या वर्गांची बेरीज होते: १० चा ब्लर दोनदा दिला तर २० नव्हे, १४ च्या जवळपास भरतो.

काळी पट्टी मारायची तर ती पूर्ण अपारदर्शक हवी. मोबाईलच्या गॅलरीतलं हायलायटरचं पेन काळ्या रंगातही थोडं आरपार असतं. डोळ्याला काळंकुट्ट दिसतं, पण ब्राइटनेस वर नेला की खालची अक्षरं पुसट पुसट वर येतात. पट्टीची लांबीही बोलते. नाव तीन अक्षरी की नऊ अक्षरी हे तिच्यावरून कळतं, म्हणून सगळ्या पट्ट्या सारख्या लांबीच्या ठेवाव्यात.

या प्रकरणात मात्र पट्टीचीही गरज पडली नाही, कारण नोंदणीचं पान अजून ब्राउझरमध्ये उघडता येत होतं. ज्याला हा उपाय माहीत आहे तो सहसा दुसरा वापरत नाही. पानावर नंबरावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट उघडलं. खाली कोडमध्ये तो नंबर निळ्या पट्टीत दिसला. त्यावर डबल क्लिक करून जागी सगळी शून्यं लिहिली आणि एंटर दाबलं. नावाच्या जागी ‘तुमचं नाव’, ईमेलच्या जागी ‘तुमचा ईमेल’. बदल फक्त आपल्या पडद्यावर होतो. रिफ्रेश केलं की मूळ पान परत. मग स्क्रीनशॉट घेतला. खरा नंबर चित्रात आलाच नाही, तर तो काढणार कोण? वाचकालाही धुरकट डागापेक्षा ‘तुमचं नाव’ जास्त समजतं.

क्यूआर कोड हा चित्र असल्यानं असा बदलता आला नाही. त्याच्या बाबतीत अर्धवट ब्लर फार धोक्याचा. क्यूआरमध्ये चुका दुरुस्त करायची सोय मुळातच असते. सगळ्यात वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचला जातो, खालच्या पातळीवर ७ टक्के. हलका ब्लर तर स्कॅनरला कळतही नाही, कारण तो चित्र काळ्या आणि पांढऱ्यात तोडूनच वाचतो. म्हणून कोपऱ्यातले तिन्ही मोठे चौकोन धरून पूर्ण कोड राखाडी आयतानं भरला आणि वर ‘इथे तुमचा कोड येईल’ असं लिहिलं. कोडखाली बारीक अक्षरांत तोच नोंदणी क्रमांक छापलेला होता. पहिल्या फेरीत तो कोणाच्याच लक्षात आला नव्हता.

सेव्ह करताना लेअर – फ्लॅटन इमेज (सगळे थर एकात मिसळतात) आणि मग एक्स्पोर्ट, फॉरमॅट पीएनजी. स्क्रीनशॉटला जेपीजी दिलं तर ८ × ८ च्या चौकटींत दाबल्यामुळे अक्षरांभोवती डाग पडतात. फोटोला जेपीजीच बरं, क्वालिटी ८० ते ८५. लेअर जपणारी पीएसडी फाईल कोणाला पाठवू नका, पट्टीचा लेअर बंद केला की सगळं उघडं. पीडीएफवर आयत काढून तशीच पाठवण्यातही हाच धोका, खालचा मजकूर कॉपी करून घेता येतो.

पट्टीचा फोटो

पानाच्या माथ्यावरच्या या फोटोत लपवायचं काही नाही, तेव्हा स्लायडर सुखेनैव ओढा. १६०० पिक्सेल रुंदीला १२ चा ब्लर पुरला. दोनच गोष्टी बिघडतात. कडांना चित्राबाहेरचं काही मिळत नाही, म्हणून काही साधनांत तिथे फिकट किंवा पारदर्शक किनार येते. फोटो चारही बाजूंनी ४० पिक्सेल मोठा ठेवा, ब्लर करा, मग कापा. आणि आकाशासारख्या सपाट भागात रंगांचे पट्टे दिसू लागतात, कारण ८ बिटच्या चित्रात एका रंगाच्या २५६ च छटा असतात. १–२ टक्के नॉइज, म्हणजे बारीक खरखर, टाकला की पट्टे मोडतात. पांढरी अक्षरं टाकायची असतील तर ब्लरपेक्षा मागे थोडा काळेपणा जास्त उपयोगी. संकेतस्थळाच्या कोडमधून ब्लर द्यायची सोय असते, ती सजावटीला ठीक. लपवायला ती कधीच नाही, कारण वाचकाकडे मूळ स्वच्छ फाईलच पोचते आणि धूसर होते ती फक्त दिसताना.

चढवण्याआधी आणि नंतर

डाउनलोड झालेली फाईल, एडिटरमधलं चित्र नव्हे, नव्या टॅबमध्ये उघडून तपासली. एकदा खूप लहान करून, एकदा ४०० टक्के मोठी करून. मग फाईलवर राइट क्लिक – प्रॉपर्टीज – डिटेल्स. मोबाईलच्या फोटोत कधी काढला, कुठे काढला याची जीपीएस नोंद असू शकते आणि सोबत मूळ फोटोची चिमुकली प्रतही. काही साधनं चित्र बदलतात पण ही माहिती जशीच्या तशी पुढे ढकलतात. मग वर चेहरा धूसर आणि आत लपलेल्या चिमुकल्या प्रतीत स्वच्छ. विंडोजमध्ये त्याच डिटेल्स टॅबच्या तळाशी अशा नोंदी काढून टाकायचा दुवा आहे. कापलेल्या चित्रांबाबतही डोळे झाकून राहू नये. २०२३ साली उघड झालं की गूगल पिक्सेल फोनच्या मार्कअप या चित्र कापायच्या साधनात आणि विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये कापलेला भाग फाईलच्या शेपटीत उरत होता. दोन्हींची दुरुस्ती झाली, पण तेव्हाच्या फाईली तशाच आहेत. फाईलचं नावही बदललं. स्क्रीनशॉटच्या नावात नोंदणी करणाऱ्याचं नाव होतं आणि ते दुव्यात दिसलं असतं.

राहिला पहिल्या फेरीत चढलेला फोटो. पानावर नवा फोटो लावला म्हणजे जुना गेला असं होत नाही, तो मीडिया लायब्ररीत जुन्या दुव्यावर उघडत राहतो. वर्डप्रेससारखी व्यवस्था एका फोटोच्या अनेक मापांच्या प्रती करते: १५०, ३००, १०२४ पिक्सेल. त्यामुळे जुनी नोंद लायब्ररीतूनच कायमची काढली, म्हणजे प्रतीही गेल्या. कॅशे, म्हणजे संकेतस्थळानं साठवलेल्या जुन्या प्रती, साफ केली, जुना दुवा खाजगी विंडोत उघडून ‘सापडलं नाही’ येतंय ना ते पाहिलं. नवा फोटो मुद्दाम वेगळ्या नावानं चढवला. जुन्याच नावानं चढवला असता तर वाचकांच्या ब्राउझरनं साठवलेला जुनाच दाखवला असता. त्या तासाभरात पानाचा दुवा पालकांच्या दोन ग्रुपांवर गेला होता आणि तिथल्या दुव्याखालच्या छोट्या चित्रात जुना फोटो अडकून बसला होता. तो संकेतस्थळावरून हटवता येत नाही. ज्यांनी दुवा टाकला त्यांना फोन करून संदेश सगळ्यांसाठी डिलीट करायला सांगितलं आणि त्या दोन मुलांच्या पालकांना काय घडलं ते त्याच संध्याकाळी कळवलं.